घशातला ‘र’ आणि कर्मणी प्रयोग

यंदाच्या अंकासाठी ‘श्रीगणेशा’ हा विषय मुक्रर करून संपादकांनी, कोणत्याही एका विद्येचा प्रारंभ प्रत्यक्ष जाऊन पाहावा आणि जसा दिसेल तसा लिहून काढावा, असे पत्राने कळविले, तेव्हा तबला, पोहणे, सुतारकाम अशा कितीतरी विद्या मनात डोकावून गेल्या. परंतु वाद घालण्यास, अर्ज लिहिण्यास आणि मतदान करण्यास सर्वस्वी समर्थ असलेले अठरा-एकोणीस वर्षांचे माणूस ज्या ठिकाणी एका सकाळी पुन्हा बोबडे होऊन बसते, अशी जागा परभाषेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावाचून दुसरी मला सुचेना. पुण्यात अशा वर्गांची वाण नाही. नामदार गोखले पथ असे सरकारी नाव असलेल्या, पण साऱ्या शहराच्या तोंडी अद्याप फर्ग्युसन रस्ताच राहिलेल्या रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, वृत्तपत्रविद्येच्या शेजारी, विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग नांदतो; फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी यांचे प्रमाणपत्र वा पदविका घ्यावयास नोकरदारापासून निवृत्तापर्यंत नाना प्रकारची माणसे तेथे येतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला फ्रेंच घेणारी मुले मात्र आसपासच्या महाविद्यालयांतून विखुरलेली असतात, आणि अशाच एका महाविद्यालयात, नाव न छापण्याच्या अटीवर, मागच्या बाकावर बसण्याची मुभा मला मिळाली. शिकविणाऱ्या बाईंना मुले ‘मादाम’ म्हणतात. याही लेखात तेच संबोधन चालेल.

ओठांची कवायत

पहिले काही दिवस वह्या जवळजवळ कोऱ्याच राहतात. “‘ई’ म्हणा,” मादाम सांगतात, “आता जीभ आहे तिथेच ठेवा, आणि ओठ फक्त ‘ऊ’चे करा.” वर्गातून जो ध्वनी उमटतो त्याला मराठी वर्णमालेत जागा नाही, म्हणून मुले तो वहीत ‘यू’ असा लिहून ठेवतात आणि पुढे वर्षभर तसाच उच्चारतात, त्यांना त्यापासून परावृत्त करण्यात मादामची निम्मी शक्ती खर्ची पडते. हा स्वर केवळ शोभेचा नाही. फ्रेंचमध्ये ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. ओठांआडची जीभ किंचित मागे सरली की टेबलावरची वस्तू टेबलाखाली जाते. मादाम खडूचा तुकडा टेबलाच्या वर-खाली धरतात आणि मुले एकेक करून ओरडतात. शेजारच्या वर्गात अर्थशास्त्र चालू असते. तेथून एकदा कोणीतरी दार लावून घेतले.

‘र’ची कथा अधिक करुण आहे. मराठी ‘र’ जिभेच्या शेंड्यावर थरथरतो, पॅरिसचा ‘र’ पडजिभेपाशी घासतो, आणि गुळण्या करताना जो आवाज आपण विनासायास काढतो तोच शब्दात घालावयाचा म्हटला की कंठ दाटून येतो. एक गंमत अशी की, या ध्वनीचा जवळचा आप्त, म्हणजे फारसी-अरबीतला ‘ग़ैन’, शिवकालाच्याही आधीपासून आपल्या दफ्तरांत येऊन राहिलेला आहे. गरीब, गैर, बागाईत या शब्दांबरोबर तो आला, परंतु मराठी जिव्हेने त्याची सनद जप्त करून त्याला साधा ‘ग’ करून टाकले. वर्गातील उर्दू बोलणाऱ्या घरातून आलेल्या एका मुलीला म्हणूनच ‘र’ दुसऱ्याच दिवशी साधला. मडगावहून आलेल्या मुलाची शेखी निराळी. फ्रेंचमधील सानुनासिक स्वर, जे पुणेकर मुले ‘न’ किंवा ‘म’ जोडून जड करतात, ते त्याच्या कोकणीत जन्मापासूनच असल्यामुळे, ‘अँ बाँ व्हँ ब्लाँ’ हे ते चारही स्वर एकत्र गुंफणारे सरावाचे शब्द त्याने पहिल्या झटक्यात म्हणून दाखविले. अर्थ ‘एक चांगली पांढरी वाइन’ असा आहे हे कळल्यावर गोव्याच्या माणसाला ते यायचेच, असा शेरा मागून आला.

काही गोष्टी मात्र मराठी मुखाला फुकट मिळतात, आणि त्यांची नोंद कोणी करीत नाही. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. फ्रेंच ‘प’ आणि ‘क’ यांत इंग्रजी उच्चारातला हवेचा झोत नाही, आपल्याही नाही. ज्या मुलांनी इंग्रजी शाळेत दहा-बारा वर्षे घालवून ‘पॅरिस’ म्हणताना तो झोत कष्टाने कमावला, त्यांना तो टाकून ‘पारी’ म्हणावयास शिकविणे हे मादामच्या मते ज्याने तो कधी कमावलाच नाही अशाला शिकविण्यापेक्षा अवघड काम आहे.

हजेरीपटावरची माणसे

फ्रेंच का घेतले, हा प्रश्न मी मधल्या सुटीत अनेकांना विचारला आणि साहित्यप्रेमाचे उत्तर एकदाच मिळाले. तेही देणारा लाजला. बाकीच्यांची कैफियत सरळ होती. कित्येकांनी शाळेपासून, संस्कृतला पर्याय म्हणून आणि गुण चांगले मिळतात या लौकिकावर, फ्रेंच घेतलेली होती व ती सोडावी असे काही घडले नाही म्हणून ती चालू राहिली. काहींना पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील भाषाज्ञानाच्या नोकऱ्या दिसत होत्या. दोघांच्या डोळ्यांपुढे कॅनडा होता, कारण तेथे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्याच्या गुणांकनात फ्रेंचला वजन आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांची जी प्रधान-गौण अशी श्रेयांकांची नवी मांडणी केली, तिच्यामुळे आणखी एक वर्ग उत्पन्न झाला आहे: वेळापत्रकात जागा रिकामी होती, म्हणून आलेला.

परिणाम असा की, एकाच बाकावर पाच वर्षे फ्रेंच शिकून आलेली मुलगी आणि ‘बाँझूर’पलीकडे काहीही न जाणणारा मुलगा बसतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचची ऑनर्स पदवी घेणारा विद्यार्थी शून्यापासून आरंभ करतो आणि दिवसाचे बहुतेक तास त्याच भाषेत काढतो. येथे आठवड्याचे मोजके तास मिळतात आणि उरलेला वेळ मानसशास्त्र, राज्यशास्त्र आणि पीएमपीच्या बसची वाट पाहणे यांत जातो. पाच वर्षेवाल्या मुलांना क्रियापदांची कोष्टके धडाधड पाठ असतात, पण ‘काल काय केलेस?’ असे फ्रेंचमध्ये अचानक विचारले की ती कोष्टकाच्या पहिल्या ओळीपासून मनात उतरत येतात आणि हव्या त्या रूपाशी पोचेपर्यंत प्रश्न शिळा झालेला असतो. नवख्याला कोष्टक ठाऊक नसते. तो काहीतरी बोलून टाकतो. दिवाळीच्या सुटीपर्यंत ही दोन टोके बरीच जवळ येतात असे मादाम म्हणाल्या. काही जण तोवर विषय बदलून निघूनही गेलेले असतात.

पुस्तक थेट फ्रान्समधून येते, आणि त्यात आरंभापासून अखेरपर्यंत सारे फ्रेंचमध्येच छापलेले असते. पूर्वीच्या पिढ्यांनी गास्तों मोझे यांचे १९५३ पासून निघू लागलेले निळ्या वेष्टनाचे पाठ्यपुस्तक वापरले. त्यातील कॅनडाहून फ्रान्सला आलेले व्हँसाँ कुटुंब आजही साठी उलटलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात आहे. आजच्या पुस्तकांतील पात्रे कुटुंबवत्सल नाहीत. ती भाड्याची खोली शोधतात, मेट्रोत हरवतात, एकमेकांना निरोप पाठवितात आणि सुटीच्या दिवशी काय करावे यावर पानेच्या पाने चर्चा करतात. २००१ साली युरोपीय परिषदेने भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या आखून दिल्या, त्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांना पुरेल एवढाच हा संसार आहे. व्याकरणाची चौकट पानाच्या कोपऱ्यात असते.

पंखा कोणी बंद केला?

त्या कोपऱ्याचा उलगडा वर्गात कोणत्या भाषेतून होतो, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटू लागला. उत्तर साहजिकच इंग्रजी. वर्गात बंगाली, मल्याळी अशीही मुले असल्यामुळे दुसरी तोड नाही, आणि तक्रारही कोणाची नाही. परंतु इंग्रजीच्या दारातून आत शिरलेल्याला या घरातील ज्या गोष्टी विचित्र वाटतात, त्यांतील निम्म्या गोष्टी मराठी घरात रोज घडत असतात.

“मादाम, टेबल स्त्रीलिंगी का?” असा प्रश्न एका मुलाने वैतागून विचारला. त्याचे सारे शिक्षण इंग्रजीत झालेले, घर मात्र सदाशिव पेठेतले. मादामनी खडू ठेवला आणि त्या मराठीत शिरल्या.

“घरून निघताना पंखा बंद केलास की आईला काय सांगतोस?”

“पंखा बंद केला.”

“आणि खिडकी?”

“बंद केली.”

“दार?”

“केलं.”

“हे तुला कुठल्या सरांनी शिकवलं?”

वर्ग हसला. मुलगा हसला नाही. तो खरोखरच विचारात पडला होता. आपण नित्य तीन लिंगे सांभाळतो, इंग्रजीतून आलेल्या शब्दालाही ‘ती बस’, ‘तो ट्रक’, ‘ते टेबल’ अशी मखलाशी करून तत्काळ एकेका लिंगात बसवितो, आणि दोनच लिंगे असलेल्या भाषेपुढे मात्र हतबुद्ध होतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानी प्रथमच येत होती. त्यावरून फ्रेंच शब्दाचे लिंग अर्थातच कळत नाही. खुर्ची दोन्हीकडे ती असली तरी आपला चंद्र तिकडे बाई होतो. तरी निर्जीव वस्तूला लिंग असावे यात काही वेडगळपणा नाही, एवढा दिलासा मिळाल्यावर पाठांतराला शिव्या कमी बसतात. ‘त्यू’ आणि ‘वू’ यांचेही तसेच. इंग्रजीतून समजाविताना अर्धा तास घेणारा हा भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोन शब्दांत संपतो. शिल्लक राहतो तो कोणाला काय म्हणावे हा व्यवहार, आणि त्याकडे मी शेवटी येईन.

पण मादामच्या त्या तीन प्रश्नांत दुसरेही एक बीज होते, ते दुसऱ्या सत्रात उगवले. भूतकाळाचा पाठ आला. फ्रेंच माणूस ‘ती गेली’ म्हणताना जाण्याच्या धातुसाधिताला कर्त्याचे लिंग लावतो: ‘ईल ए आले’, ‘एल ए आले’, कानाला दोन्ही सारखे, कागदावर बाईसाठी एक अक्षर अधिक. येणे, जाणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या क्रियापदांपुरते हे चालते. सकर्मक क्रियापदाच्या वेळी ‘असणे’ हे सहायक जाऊन ‘जवळ असणे’ या अर्थाचे सहायक येते, आणि मग धातुसाधित कर्त्याला ओळखत नाही. परंतु कर्म वाक्यात आधी येऊन बसले असेल तर त्याच्यापुढे नमते. ‘जी पत्रे मी लिहिली’ असे म्हटले की पत्रांचे लिंग आणि वचन ‘लिहिली’वर चढते. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर पुरस्कारिला, आणि तेव्हापासून फ्रेंच शाळकरी मुलांनी त्याला जेवढे शाप दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या नियमाला मिळाले असतील.

मराठी मुलाने ‘मी पत्रे लिहिली’, ‘मी पोथी वाचली’ असा कर्मणी प्रयोग तिसऱ्या वर्षापासून बिनचूक केलेला असतो. दोन भाषांचा हिशेब पैपैने जुळत नाही, हे खरे. आपण ‘ती झोपली’ म्हणतो, फ्रेंच निद्रा मात्र कर्त्याला दाद देत नाही, आणि आपले कर्म आधी असो वा नंतर, क्रियापद त्याच्याच मागे जाते. तरीही हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतातील ‘लिखितम्’ यामधला क्त-प्रत्यय आणि लॅटिनमधला त्याच जागचा प्रत्यय हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत. दोन्हीकडे ‘लिहिलेले’ अशा विशेषणाचेच कालांतराने भूतकाळी क्रियापद झाले, म्हणून दोन्हीकडे ते विशेषणासारखे अद्याप लिंगवचनाला चिकटून राहिले आहे. मादामनी हे पाच मिनिटांत सांगितले. पाठ्यपुस्तकात ते असण्याचे कारण नाही. पॅरिसच्या प्रकाशकाने कर्मणी प्रयोगाची चौकशी का करावी? परंतु आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातही ते आढळू नये, याचे मला नवल वाटले, आणि थोडा रागही आला.

राग येण्याचे कारण असे की, ही वाट दुसऱ्या टोकाकडून फार पूर्वीच चाललेली आहे. मराठी भाषेच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रशुद्ध इतिहास झ्यूल ब्लॉक या पंडिताने फ्रेंचमध्ये लिहिला. १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने आपल्या भाषेत आणला. गी दल्युरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले ते १९५६ साली, आणि ते वारीबरोबर स्वतः चालले होते. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ फ्रेंच वाचकांपुढे ठेवला. गी प्वातव्हँ तर फ्रान्स सोडून पुण्यातच राहिले, आणि हेमा राईरकर यांच्यासह मावळपट्ट्यातून व इतरत्र जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करविण्याचे काम त्यांनी उभे केले. या मंडळींपैकी कोणाचेही नाव वर्गात कोणास ठाऊक नव्हते. फ्रेंच संस्कृती या सदराखाली मुले आयफेल मनोरा, ‘बागेत’ पाव आणि चीज यांवर परिच्छेद लिहितात. १७७७ साली सँ-ल्युबँ हा फ्रेंच वकील पुणे दरबारी आला, नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला आणि इंग्रजांचा वकील मॉस्टिन त्यामुळे अस्वस्थ झाला, ही हकीगत शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना परिच्छेदासाठी का सुचविली जात नाही, हे मी मादामना विचारले. “परीक्षेत येत नाही,” त्या म्हणाल्या. यावर वाद घालता येत नाही.

मुकी अक्षरे

शुक्रवारी ‘दिक्ते’ असते, म्हणजे श्रुतलेखन. मादाम हळू वाचतात, पुन्हा वाचतात, विरामचिन्हेही सांगतात. आणि मुले अशा खोल शांततेत लिहितात की फक्त पंख्याचा आवाज उरतो. अडचण ही की, ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘तो बोलतो’, ‘ते बोलतात’ या चारही ठिकाणी कानावर ‘पार्ल’ एवढेच पडते, परंतु कागदावर त्याची तीन निरनिराळी रूपे करावी लागतात. शब्दान्तीचा मुका ‘स’ पुढे स्वर आला की जागा होतो आणि ‘ले’ व ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होते. येथे संधी शिकलेल्यांचे थोडे निभावते.

याबाबतीत फ्रेंच माणसाचीही स्थिती फारशी बरी नाही. १८५७ साली तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात प्रॉस्पेर मेरिमे या लेखकाने करमणूक म्हणून एक बिकट उतारा लिहावयास घातला. त्यात सम्राटाच्या पंचाहत्तर आणि सम्राज्ञीच्या बासष्ट चुका झाल्या, आणि सर्वांत कमी, अवघ्या तीन, ऑस्ट्रियाचा वकील मेटर्निक याच्या निघाल्या, असे सांगतात. मादाम ही कथा पहिल्या श्रुतलेखनाचे गुण वाचून दाखविण्याच्या आधी सांगतात. नंतर सांगून उपयोग नसतो.

काही स्वरांच्या डोक्यावर जे छप्पर दिसते ते पुष्कळदा मेलेल्या ‘स’चे स्मारक असते, इंग्रजी ‘हॉस्पिटल’मधला ‘स’ फ्रेंच ‘ओपिताल’मध्ये त्या छपराखाली पुरलेला आहे. १९९० च्या शुद्धिपत्रकाने काही अक्षरांवरची ही छपरे ऐच्छिक केली, तेव्हा फ्रान्समध्ये केवढे काहूर उठले! मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. ‘केलें’, ‘तें’, ‘घरांत’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, तेही असेच व्युत्पत्तीचे अवशेष होते, आणि त्यांच्यासाठी हळहळणारी माणसे माझ्या घरात होती. वर्गातल्या मुलांना मात्र ते अनुस्वार कधी होते हेच माहीत नाही.

चार विसा एकोणीस

आकड्यांचा पाठ सुखाने सुरू होतो आणि सत्तराशी ठेचाळतो. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्व्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-एकोणीस’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर व नव्वद यांना सरळ शब्द आहेत, हे ऐकून मुले त्या देशांचे नागरिकत्व तत्काळ स्वीकारावयास तयार होतात. परंतु विसांनी मोजण्याची रीत आपल्याही खेड्यापाड्यांत होती. ‘चार विसा’ म्हणजे ऐंशी, हे ज्याने आजीच्या तोंडून ऐकले आहे त्याला पॅरिसचा हिशेब परका वाटत नाही. सेंट लुईने तेराव्या शतकात आंधळ्यांसाठी स्थापिलेल्या पॅरिसच्या इस्पितळाचे नाव तर आजही ‘कँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा विसा’ असे आहे, कारण ते तीनशे जणांसाठी होते.

खरी कसोटी ऐकण्याची. फ्रेंच माणूस दूरध्वनीचा क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. ध्वनिफितीतून ‘स्वासाँत’ ऐकू येताच हात साठातला सहा लिहून मोकळा होतो. मागून ‘कँझ’ येतो तेव्हा तो सहा खोडून पंच्याहत्तर करावे लागते, आणि तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. बाकांवर खोडरबरांचा कचरा पडतो. गंमत म्हणजे याच वर्गात ‘एकोणऐंशी म्हणजे किती?’ असे मी विचारले तेव्हा पुष्कळांना ते आधी इंग्रजीत सांगा, असे म्हणावे लागले. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ असे वाचण्याची तजवीज केली आणि महाराष्ट्रभर त्यावर वाद माजला. त्या वादात मी कडव्या पक्षात होतो, आणि अजूनही आहे.

तोंडी परीक्षा

वर्षअखेरीस विद्यापीठाची परीक्षा असतेच. परंतु पुष्कळ मुले तिच्याबरोबर फ्रेंच शासनाच्या ‘देल्फ’ परीक्षेची पहिली पायरीही देतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे अशा चार भागांना प्रत्येकी पंचवीस गुण, उत्तीर्ण होण्यास एकूण पन्नास, आणि कोणत्याही भागात पाचांपेक्षा कमी पडले तर सारे मुसळ केरात. बोलण्याच्या भागात शेवटी एक लुटुपुटीचा प्रसंग असतो: परीक्षक दुकानदार होतो, उमेदवार गिऱ्हाईक, आणि टेबलावर चित्रातल्या वस्तू व कागदी युरो मांडलेले असतात.

मादामनी मार्चमध्ये याची रंगीत तालीम घेतली. फळांचे दुकान होते. गिऱ्हाईक म्हणून उठलेली मुलगी मंडईजवळ राहणारी, वर्षभर फारशी न बोललेली. तिने चेरीचा भाव विचारला, चार युरो असे कळताच भुवया उंचावल्या, आणि पुस्तकात नसलेल्या फ्रेंचमध्ये, क्रियापदांची मोडतोड करीत, पण एकदाही न अडखळता, कालपर्यंत तीनने देत होतात, पलीकडचा अडीचने देतो, मी रोजची आहे, अशी झोड उठविली. कोष्टके पाठ असलेली मुले आ वासून पाहत राहिली. मादामनी भाव साडेतीनपर्यंत खाली आणला.

गुण सांगताना मात्र त्यांनी दीड गुण कापला. मुलगी म्हणाली, तिकडे घासाघीस करीत नाहीत म्हणून का? मादाम म्हणाल्या, घासाघीस उत्तम होती. तू दुकानदारणीला ‘त्यू’ म्हणालीस. यावर मुलीने मराठीत हुज्जत घातली की, आम्ही भाजीवाल्या मावशींना ‘तू’च म्हणतो, त्यात अनादर नाही, उलट ओळख आहे, आणि ‘अहो मावशी, तुम्ही’ असे म्हटले तर मावशी भाव वाढवून सांगतील. मादामनी ते सारे ऐकून घेतले, मावशींपुरते मान्यही केले. दीड गुण काही परत दिला नाही, आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.